इनामदार रात्री काय करतात

फायटर मासा पाळलेल्या प्रत्येक घरात एकदा तरी खोटं मरण होतंच. सकाळी कुणीतरी तोंडात ब्रश धरून टँकपाशी येतं. मासा पानावर आडवा पडलेला दिसतो, रंग उतरलेला, पर मिटलेले, हालचाल शून्य. मग काचेवर टकटक. मग हाका. मग घरातल्या त्यातल्या त्यात धीट माणसाच्या हातात चहाची गाळणी. गाळणी पाण्याला लागते न लागते तोच मयत ताडकन उठतं आणि टँकभर पळत सुटतं.

आमच्याकडे हा मान सासूबाईंना मिळाला. "गेला गं बिचारा," म्हणत त्यांनी मला झोपेतून उठवलं. नातवाला शाळेतून येईपर्यंत कळू द्यायचं नाही, हेही त्यांचं ठरून गेलं होतं. तेवढ्यात बिचारा वर आला, हवेचा एक घोट घेतला आणि पुन्हा पानावर जाऊन पडला. त्या दिवसापासून त्याचं नाव इनामदार. सकाळी उन्हं वर येईपर्यंत लोळणाऱ्याला दुसरं कुठलं नाव शोभणार, हा त्यांचा युक्तिवाद. त्यांच्या माहेरच्या गावात खरोखरचे एक इनामदार होते म्हणे, त्यांचीही उठायची वेळ हीच.

आमच्या ऑफिसात आणखी दोघांकडे फायटर आहेत, त्यामुळे चहाच्या टपरीवर हा विषय निघतोच. एकाचं मत, मासे झोपतच नाहीत, डोळे उघडे असतात बघा. दुसऱ्याचं मत, फायटर आळशी असतो, दिवसभर झोपतो. दोघेही आपापल्या माशाला दिवसा बघतात, किंवा रात्री खोलीचा लाईट लावून बघतात. म्हणजे ज्याला बघायचं तो एकतर जागा असतो, नाहीतर यांनीच उठवलेला असतो.

माझी गोष्ट वेगळी आहे, कारण माझी वेळच वेगळी आहे. मी नाशिकच्या एका दैनिकात रात्रपाळीच्या डेस्कवर काम करते. शेवटचं पान सुटून घरी पोचेपर्यंत दोन-अडीच होतात. घर गाढ झोपलेलं. डोक्यात मात्र अजून मथळे फिरत असतात, कुठल्या तरी बातमीत आडनाव बरोबर गेलं ना ही रुखरुख असते, त्यामुळे पाठ टेकली तरी झोप येत नाही. मग मी पाण्याचा तांब्या घेऊन जेवणाच्या खोलीत, इनामदारांच्या टँकसमोर बसते. लाईट लावत नाही. बाहेरच्या रस्त्यावरच्या दिव्याचा खिडकीतून येतो तेवढाच उजेड. डोळे सरावले की पुरतो.

पहिल्यांदा दिसत नाहीतच. शोधावे लागतात. त्यांच्या झोपायच्या जागा ठरलेल्या आहेत, पण एकच नाही. सगळ्यात आवडती म्हणजे अनुबियास या पाणवनस्पतीचं एक रुंद पान, पाण्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम चार बोटं खाली. त्यावर पोट टेकून, शेपटी पानाच्या कडेवरून खाली सोडून पडतात. थंडीत हीटर आणि काच यांच्या फटीत. क्वचित हॉर्नवर्ट या दुसऱ्या पाणवनस्पतीच्या जुडग्यात तोंड खाली आणि शेपटी वर, म्हणजे कुणीतरी वरून खोचून ठेवल्यागत. आणि कधीतरी सरळ तळाच्या वाळूवर, कुशीवर. ही शेवटची मुद्रा बघूनच गाळण्या बाहेर निघतात. हाफमून जातीचा मासा, शेपटी उघडली की अर्धं वर्तुळ भरतं, एवढं ओझं दिवसभर ओढल्यावर त्याला टेकायला काहीतरी लागतं. टँकमध्ये रुंद पान नसेल तर तो फिल्टरवर टेकेल, थर्मामीटरवर टेकेल, पण टेकेल.

जवळून बघितलं की मेलेला आणि झोपलेला यांत गल्लत होणं अवघड आहे. कल्ल्याचं झाकण बघायचं. ते उघडतं, थोडं थांबतं, मिटतं. दिवसाच्या मानाने फार सावकाश, पण एका लयीत. छातीजवळचे दोन छोटे पर, जे दिवसा क्षणभर थांबत नाहीत, ते इथे कधीतरी एकदा अर्धवट हलतात आणि राहतात. रंगाची तर मजाच आहे. इनामदार दिवसा मोरपंखी, शेपटीच्या कडेला लाल. रात्री तो निळा रंग कुठे जातो कोण जाणे, अंग राखाडीकडे झुकतं आणि कुशीवर दोन पुसट आडव्या रेघा उमटतात, ज्या दिवसा शोधूनही सापडत नाहीत. कातडीतल्या रंगपेशींमधलं काळं रंगद्रव्य रात्री आक्रसून मध्यभागी गोळा होतं, म्हणून हा उतरलेला रंग. अनेक माशांत असं होतं. सकाळी परत पसरतं. भिऊन किंवा आजारी पडूनही फायटर असाच फिका पडतो, त्यामुळे लोकांची घाबरगुंडी समजण्यासारखी आहे.

बसून राहिलं तर अजून एक गोष्ट दिसते, आणि ती मला सगळ्यात आवडते. फायटरला फक्त कल्ल्यांवर भागत नाही. डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला त्याला लॅबिरिंथ नावाचा घडीघडीचा अवयव असतो, त्यात तो वरची हवा भरून घेतो. वर येता आलं नाही तर पाण्यात असूनही गुदमरेल, असा हा मासा. मग झोपेत काय? झोपेतही यावं लागतंच. फक्त हालचाल कमी असल्यामुळे वरच्या फेऱ्या लांबतात. बराच वेळ काही होत नाही. मग शेपटीला एक झोल, अंग जरा तिरपं, आणि इनामदार वर तरंगायला लागतात. पोहत नाहीत, तरंगतात. तोंड पाण्याबाहेर टेकतं, बारीक 'टप्' असा आवाज येतो, जो फक्त त्या वेळेला आणि फक्त फ्रिज बंद असेल तरच ऐकू येतो. खाली येताना कल्ल्याशी एक बुडबुडा सुटतो. परत पान. म्हणूनच पान पृष्ठभागाजवळ हवं. उंच टँकमध्ये तळाशी झोपलेल्या आणि मोठी शेपटी असलेल्या माशाला प्रत्येक श्वासासाठी जिना चढावा लागतो.

डोळ्यांचं काय, हा टपरीवरचा प्रश्न. माशाला पापण्याच नाहीत, तर मिटणार काय? बहुतेक माशांची हीच स्थिती. त्यामुळे झोप ओळखायची ती डोळ्यांवरून नाही, वागण्यावरून. ठरावीक वेळ, ठरावीक जागा, ढिली पडलेली मुद्रा, आणि बाहेरच्या गोष्टीला उशिरा दिलेली दाद. ही दाद मी बघितली आहे. मोबाइलचा टॉर्च ओढणीत गुंडाळून भिंतीकडे धरला, तर पहिल्यांदा नुसता एक पर हलतो. मग काही वेळ काहीच नाही. मग अंग पानावरून उचललं जातं. रंग भरायला तर त्याहून जास्त वेळ लागतो. दिवसा याच माणसाला, म्हणजे माशाला, काचेपलीकडे बोट दिसलं तरी पुरतं.

माशांच्या झोपेवरचं मोठं काम झालं आहे ते झेब्राफिशवर. प्रयोगशाळेतला हा लाडका मासा. पिल्लं पारदर्शक असल्यामुळे मेंदूतली हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी दिसते. 2019 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की झोपलेल्या झेब्राफिशच्या पिल्लांच्या मेंदूत आपल्या गाढ झोपेशी आणि स्वप्नांच्या झोपेशी मिळत्याजुळत्या दोन अवस्था येतात. स्वप्नाच्या झोपेत आपले डोळे जसे पापण्यांआड भिरभिरतात, तसे मात्र त्यांचे फिरत नाहीत. माशांचा आणि आपला वंश वेगळा होऊन पंचेचाळीस कोटी वर्षं झाली, म्हणजे झोपेची ही रीत तितकी जुनी असावी, असा त्यांचा अंदाज. मी ही बातमी त्या वेळी पानात लावली होती. खालच्या बाजूला, एका कॉलमात, कारण वर पाणीकपात होती.

पण माझ्या कामाचं संशोधन त्याच्या आधीचं, 2007 सालचं आहे. तेही झेब्राफिशवर. सतत उजेडात ठेवलं तर त्यांची झोप जवळपास थांबते. आणि नंतर अंधार मिळाला तरी, आपण रविवारी बारापर्यंत लोळून आठवड्याची झोप भरून काढतो तसं त्यांनी काही केलं नाही. गेली ती गेली. पुढे 2015 मध्ये असंही दिसलं, की मेलाटोनिन हे अंधाराचं संप्रेरक ज्या झेब्राफिशना बनवताच येत नाही, ते रात्री बरंच कमी झोपतात. हे मेलाटोनिन तयार होतं डोक्याच्या वरच्या बाजूच्या पिनियल ग्रंथीत, आणि माशांच्या या ग्रंथीला उजेड थेट कळतो, कवटीतून. डोळ्यांची गरज नाही. आता आपल्या घरातल्या टँकचा लाईट कुठे असतो बघा. झाकणात. बरोब्बर डोक्यावर.

फायटर झेब्राफिश नाही, हे मला मान्य आहे. तरी माझ्या घरात मी जे बघते, ते याच्याशी जुळतं. माझं ठाम मत असं, की फायटरची झोप बिघडते ती फायटरमुळे नाही, घरातल्या ट्यूबलाईटमुळे.

हा मासा मूळचा थायलंडचा. बेट्टा स्प्लेन्डेन्स हे शास्त्रीय नाव त्याला 1910 मध्ये ब्रिटिश मत्स्यतज्ज्ञ चार्ल्स टेट रेगन यांनी दिलं. तिकडे त्याला प्ला कात म्हणतात, आणि 2019 मध्ये थायलंड सरकारने त्याला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं. राहायची जागा म्हणजे भातखाचरं, दलदल, गवताने भरलेले उथळ ओहोळ. अशा गच्च वनस्पतींच्या साचलेल्या पाण्यात दिवसा ऑक्सिजन तयार होतो आणि रात्री तीच झाडं तो वापरतात, त्यामुळे पहाटेच्या सुमाराला पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी. वरची हवा पिणाऱ्या माशाचं तिथे बरं चालतं. आणि बँकॉकच्या अक्षांशावर वर्षभर दिवस सव्वाअकरा तासांच्या खाली जात नाही आणि तेराच्या वर जात नाही. म्हणजे या माशाच्या हाडामासात बारा तासांचा दिवस आणि बारा तासांची रात्र मुरलेली आहे. त्याला आपण नेऊन ठेवतो टीव्हीच्या शेजारी, जिथे सून रात्री अडीचला येते, नवरा बारापर्यंत मॅच बघतो आणि सासूबाई साडेपाचला देवघरातला दिवा लावायला उठतात.

आमचा टँक हॉलमधून जेवणाच्या खोलीत गेला तो याच कारणाने. टीव्हीचा उजेड एका जागी राहत नाही, भिंतीवर नाचतो, आणि इनामदार त्याच्याबरोबर नाचायचे.

संध्याकाळचा प्रकार तर वेगळाच. दिवसा ते स्वतःच्या नादात असतात. पण बाहेर अंधार पडला, खोलीतला दिवा बंद असला आणि टँकचा तेवढा चालू राहिला, की आतून काचेचा आरसा होतो. मग इनामदारांना चहूबाजूंनी इनामदार दिसतात. कल्ले फुगवून, गळ्याखालची काळी दाढी बाहेर काढून, सगळे पर ताणून ते या काचेवरून त्या काचेवर चाल करून जातात. पाहुण्यांना हे फार आवडतं. "काय सुंदर फुलतोय!" फुलतोय कसला, घरात शत्रू शिरलाय त्याच्या. चार-पाच मिनिटं असं झालं तर व्यायाम होतो, काही लोक मुद्दाम छोटा आरसा दाखवतात. पण तासन्‌तास झालं तर पर फाटायला येतात, खाण्यावरचं लक्ष उडतं, आणि ज्या वेळेला अंग ढिलं सोडायचं त्याच वेळेला लढाई. उपाय सोपा: खोलीतला दिवा जाण्याआधी टँकचा दिवा जायला हवा. उलट क्रम नको. मागच्या काचेला बाहेरून काळा कागद लावला तरी मला फार फरक दिसला नाही, कारण आरसा पुढच्या काचेचाही होतोच.

आता आमच्याकडे प्लगला टायमर आहे. सकाळी नऊला टँकचा दिवा लागतो, संध्याकाळी सातला जातो. दहा तास पुरतात, त्याहून जास्त ठेवला तर काचेवर शेवाळ धरतं, ते घासायला नवरा माझ्याकडे बघतो. नऊच्या आधी खिडकीतून उजेड येतोच, आणि हे महत्त्वाचं आहे. गडद अंधारातून एकदम दिवा लागला की मासा बाणासारखा सुटतो, झाकणावर आपटतो, एखादा बाहेरही पडतो. फायटर उडी मारणाऱ्यांपैकी आहे. खिडकीने आधी उठवलं असेल तर नऊचा दिवा ही नुसती औपचारिकता उरते. ज्यांच्याकडे खिडकी नाही त्यांनी आधी खोलीचा दिवा लावावा, मग पाच-दहा मिनिटांनी टँकचा.

मी आल्यावर स्वयंपाकघरातला लाईट लावते, तो तिरपा टँकवर येतो. त्यासाठी लेकाने जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचा आडोसा करून दिला आहे, त्यावर स्केचपेनने 'शांतता राखा' लिहिलंय. शांततेपेक्षा उजेडाशी भांडण आहे, पण राहू दे.

दिवसाची दिनचर्या. ही रात्रीइतकी गूढ नाही, कुणीही बघू शकतो, म्हणून थोडक्यात. उजेड झाला की हजेरी. टँकच्या चारी कडांनी एक सावकाश चक्कर, प्रत्येक कोपऱ्यात थांबून. हद्द राखणारा मासा आहे, रात्रीत कुणी अतिक्रमण केलं का ते बघत असावा. मग सासूबाई येतात. त्यांचा पदर दिसला की हे वर. दाणे सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दिवा जायच्या तासभर आधी तितकेच. गुरुवारी उपास, कारण सासूबाईंचा असतो. आठवड्यातून एक दिवस पोट रिकामं ठेवणं फायटरला चालतंच, उलट जास्त खाऊन फुगण्यापेक्षा बरं, त्यामुळे मी त्यात पडत नाही. दुपारी एकच्या सुमाराला पानावर डुलकी. ही झोप नव्हे; रंग पूर्ण असतो, डोळे फिरतात, बोट दाखवलं की उठतात. फायटर दिवसातून पुष्कळदा असा टेकतो. हाच तो 'दिवसभर झोपतो' म्हणणाऱ्यांचा पुरावा.

दुपारनंतर कधीकधी बांधकाम निघतं. कोपऱ्यात, बदामाच्या पानाखाली, तोंडातून लाळेचे बारीक बुडबुडे सोडून घरटं. मादी नाही, अंडी नाहीत, तरी नर बांधतो. 'घरटं बांधलं म्हणजे मासा खूश' असं दुकानदार सांगतात ते अर्धंच खरं आहे. वयात आलेला नर, संथ पाणी आणि ऊब असली की हे होतं, खुशीचं प्रमाणपत्र नव्हे. खरोखर अंडी असती तर त्याचं वेळापत्रक पार बदललं असतं. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, तोवर नर घरट्याखाली ठाण मांडून असतो, खाली पडलेलं अंडं तोंडात धरून परत वर चिकटवतो, आणि मादीलासुद्धा जवळ येऊ देत नाही.

बदामाचं पान म्हणजे आपल्या रस्त्यांच्या कडेला असतं त्या देशी बदामाचं, जे लाल होऊन गळतं. ऑनलाइन हीच पानं पाकिटात घालून विकतात. आमच्या कॉलनीत झाडूवाल्या मावशी रोज ढीग जाळतात त्याचाच. झाडावरचं नाही, गळून वाळलेलं घ्यायचं, रस्त्याच्या धुळीपासून लांबच्या झाडाचं, आणि धुऊन. पाणी चहाच्या रंगाचं होतं, आणि तेवढाच वरून येणारा उजेड सौम्य होतो. तरंगतं आहे तोवर इनामदार त्याच्या सावलीत झोपतात.

थंडीचं जरा सविस्तर सांगते, कारण 'माझा फायटर खूप झोपतो' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं उत्तर इथे आहे. नाशिकची थंडी पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून पटत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. त्या दिवसांत टँकचं पाणी हीटरशिवाय अठरापर्यंत सहज उतरतं. फायटरला हवं पंचवीस ते सत्तावीस. मासा थंड रक्ताचा. पाणी गार तर तो गार, त्याचं पचन गार, हालचाल गार. तो तळाशी बसून राहतो, खात नाही, बोलावलं तर मान वळवल्यासारखं करून तिथेच राहतो. ही झोप नाही. त्याचा सगळा कारभारच थंडावलेला असतो. झोपेतून मासा उजेडाने उठतो, या अवस्थेतून नाही उठत. वीस-पंचवीस लिटरच्या टँकला थर्मोस्टॅट असलेला पन्नास वॉटचा हीटर पुरतो, आणि हीटरवर विश्वास न ठेवता वेगळा थर्मामीटर लावायचा. लाईट गेले तर टँकला जुनं ब्लँकेट. आमचं ब्लँकेट सासऱ्यांचं होतं, सासूबाईंनी स्वतः काढून दिलं.

मग खरा आजारी कसा ओळखायचा? मी फक्त दिवसाच्या वागण्याकडे बघते. रात्री मासा कसाही पडो, सकाळी उजेडानंतर तासाभरात रंग भरला, वर येऊन दाणा घेतला, तर मला बाकी काही विचारायचं नाही. दिवसाही फिका राहिला, पर चिकटवून बसला, दाण्याकडे बघून तोंड फिरवलं, तर पहिल्यांदा थर्मामीटर, मग पाण्यातला अमोनिया तपासायचा, आणि पाव टँक पाणी बदलायचं, तेही त्याच तापमानाचं आणि क्लोरिन उतरवलेलं. एका कुशीवर तरंगतोय, सरळ राहायला धडपडतोय, तर तो पोटाचा किंवा हवेच्या पिशवीचा त्रास. खवले पाइनच्या शंकूगत उभे राहिले तर मात्र फार आशा नसते.

आवाजाबद्दल सारखं विचारतात, तर काच वाजवू नका एवढंच माझं म्हणणं. घरातल्या मिक्सरला ते दोन दिवसांत सरावले. गणपतीत ढोल आमच्या गल्लीतून जातो तेव्हा मात्र टँकच्या पाण्यावर बारीक कंप दिसतो, आणि इनामदार तळाच्या माठाच्या खापरीत जाऊन बसतात. माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्यातली हालचाल कळते, शिवाय फायटरच्या भाऊबंदांत, गुरामी माशांत, लॅबिरिंथच्या पोकळीतली हवा कानाला लागून असल्यामुळे त्यांना जास्त चांगलं ऐकू येतं, हे प्रयोगांतून सिद्ध झालं आहे. विसर्जनाच्या रात्री ते किती वाजता झोपले मला माहीत नाही, मी स्वतः पहाटे चारला घरी आले होते, पान चार वेळा बदललं होतं.

हल्ली दुपारची डुलकी लांबत चालली आहे. वय झालं. फायटर साधारण दोन ते चार वर्षं जगतो, आणि दुकानातल्या कपात दिसणारा भरल्या परांचा नर तिथेच काही महिन्यांचा असतो, हे लोक हिशेबात धरत नाहीत. म्हाताऱ्या माशासाठी पाणी थोडं उथळ करायचं, फिल्टरचा जोर कमी करायचा, आणखी एक पान पृष्ठभागाजवळ बांधायचं. मी हे तिन्ही केलंय. दुसऱ्या पानाकडे त्यांनी अजून ढुंकूनही बघितलेलं नाही.

दिवाळीत आम्ही सगळे चार दिवस सासूबाईंच्या माहेरी जातोय. फायटर चार दिवस न खाता मजेत राहतो. शेजाऱ्यांना किल्ली दिली की माया म्हणून मूठभर दाणे पडतात आणि पाणी नासतं, धोका तो आहे. म्हणून शेजारच्या काकूंसाठी मी फ्रिजवर कागद चिकटवलाय. खायला घालू नका. टँकच्या बटणाला हात लावू नका, टायमर आहे. रात्री बघायला येऊ नका, सकाळी दहानंतर या. हीटरचा लाल दिवा चालू-बंद होणं बरोबर आहे. काल रात्री परत आल्यावर बघते तर खाली सासूबाईंच्या अक्षरात पाचवा मुद्दा: गुरुवारी सुद्धा आल्या तरी चालेल, पण हाक मारताना अहो म्हणा.